परग्रहांची छायाचित्रे आणि खोडदची दुर्बीण

(अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पारनेर, श्रीगोंदा आणि कर्जत या तालुक्यांतील शेतकऱ्यांना कुकडीचा डावा कालवा चांगला परिचयाचा आहे. आवर्तन केव्हा सुटणार, ही चौकशी तेथे वर्षानुवर्षे चालत आली आहे. हा कालवा ज्या जुन्नर तालुक्यातून निघतो त्याच तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस, खोडद हे गाव आहे. त्या बाजूला शेतांच्या मधोमध प्रचंड आकाराच्या, तारेच्या जाळीने मढवलेल्या आणि आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या तबकड्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकंदर ३० तबकड्या असून त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. या साऱ्या मिळून एकच दुर्बीण होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली.

या दुर्बिणीला भिंग नाही आणि ती छायाचित्रेही काढीत नाही. दूरच्या दीर्घिका, स्पंदक तारे, हायड्रोजन वायूचे ढग यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणे हे तिचे काम. असे असूनही १९ ऑक्टोबर २०१६ रोजी रात्री, परग्रहाचे छायाचित्र पृथ्वीपर्यंत आणणे किती कठीण असते, याचा अनुभव याच दुर्बिणीने घेतला. त्या प्रसंगाची हकीकत सांगितली म्हणजे या विषयातील शास्त्र समजण्यास सोपे जाईल.

युरोपीय अवकाश संस्थेने रशियाच्या सहकार्याने मंगळाकडे एक यान पाठविले होते. त्याचे दोन भाग होते. एक मंगळाभोवती फिरत राहणारा आणि दुसरा मंगळाच्या भूमीवर उतरणारा. उतरणाऱ्या भागाला जिओव्हानी स्कियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले होते. या स्कियापारेलीने १८७७ साली दुर्बिणीला डोळा लावून मंगळाचे नकाशे हाताने रेखाटले आणि त्यांत काही सरळ रेघा दाखविल्या. त्या रेघांवरून मंगळावर कालवे आहेत, आणि कालवे आहेत तर ते खणणारेही असलेच पाहिजेत, अशा कल्पना पुढे कित्येक वर्षे चालल्या. वस्तुतः तेथे कालवे नव्हते. डोळा फसला होता आणि त्याचे म्हणणे पडताळण्यासाठी जवळून घेतलेले छायाचित्र कोणापाशीच नव्हते.

त्याच्या नावाचे हे यान मंगळाच्या वातावरणात शिरताना ताशी सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने जाणार होते आणि सहा मिनिटांच्या आत जमिनीवर टेकणार होते. त्याच्या पोटाशी एक लहान कॅमेरा बसविलेला होता. खालचे उष्णतारोधक कवच गळून पडले की त्याने एकापाठोपाठ १५ छायाचित्रे घ्यावीत, ती यानातील स्मृतिसंचात साठवावीत आणि यान सुखरूप टेकल्यावर ती पृथ्वीकडे धाडावीत, अशी योजना होती.

उतरत असताना यानाकडून ४०१ मेगाहर्ट्‌झ या कंपनसंख्येवर एक बारीक रेडिओ हाक सतत येणार होती. ती मुख्यतः मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होती. तिला बळ होते जेमतेम काही वॉटचे. घरातला एखादा लहान दिवा घेतो तितके. मंगळ त्या दिवशी पृथ्वीपासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. ही हाक पृथ्वीवरून थेट ऐकावयाची तर फार मोठे क्षेत्रफळ असलेली दुर्बीण हवी, ती याच कंपनसंख्येला जुळणारी हवी आणि त्या वेळी मंगळ तिच्या आकाशात असला पाहिजे. तिन्ही गोष्टी खोडद येथे जुळल्या.

प्रकाशाच्या वेगाने येणारी ती लहर पृथ्वीवर पोहोचण्यास पावणेदहा मिनिटांच्या आसपास लागत होती. म्हणजे खोडद येथे ती ऐकू येई तोपर्यंत मंगळावर जे घडावयाचे ते घडून गेलेले असे. तबकड्यांवर जी शक्ती पडत होती तिची कल्पना करावयाची तर एका वॉटचे शंभर कोटी भाग करावेत, त्यांतील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. साऱ्या तबकड्यांची जाळी एकत्र धरली तरी वाट्याला येत होता तो अशा एखाद्या भागाएवढा अंश, किंवा त्याहूनही कमी. तरीही ती हाक सापडली. यानाचा वेग बदलला की हाकेचा स्वर किंचित बदलतो. आगगाडी शिटी वाजवीत जवळून निघून गेली म्हणजे शिटीचा स्वर जसा उतरतो तसाच हा प्रकार. त्या बदलावरून यान वातावरणात शिरल्याचे आणि त्याची हवाई छत्री उघडल्याचे कळले. मग टेकण्याची वेळ येण्यापूर्वी एक मिनिटही उरले नसताना हाक थांबली.

छायाचित्र म्हणजे अंकांचे कोष्टक

पुढे काय झाले हे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मंगळावरचे चित्र वर्तमानपत्रात छापून आले की सामान्य माणसाला वाटते, तेथे कोणी कॅमेरा नेला, कळ दाबली आणि छायाचित्र आले. कळ दाबणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. चित्राला टपालाने पाठविता येत नाही, हीच खरी अडचण.

सुरुवातीला अगदी टपालासारखाच विचार झाला होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना ३ या यानाने चंद्राची कधीही न दिसणारी बाजू टिपली ती साध्या फिल्मवर. ती फिल्म यानातच रसायनात धुतली गेली, वाळविली गेली आणि मग तिच्यावरून प्रकाशाचा बारीक ठिपका फिरवून तिचे रेडिओ संदेशात रूपांतर करण्यात आले. छायाचित्रकाराची अंधारी खोली चंद्रापलीकडे चालविण्याचा तो प्रकार होता, आणि तो यशस्वी झाला याचेच आज नवल वाटते.

पुढे मार्ग बदलला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोन किती उजळ आहे हे एका अंकाने सांगावयाचे. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणीला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अमुक ओळीत अमुक ठिपके, कोणते जोडावयाचे, कोणत्या घरात कोणता रंग, हे तिने दुसऱ्या गावच्या बहिणीला दूरध्वनीवर सांगितले तर तीच रांगोळी तेथेही उमटेल. दूरध्वनीतून रांगोळी गेलेली नसते, गेलेले असतात अंक.

अमेरिकेच्या मरिनर ४ या यानाने जुलै १९६५ मध्ये मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रे याच पद्धतीने पाठविली. प्रत्येक चित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके, म्हणजे ४०,००० ठिपके. एका ठिपक्याची छटा सांगण्यासाठी शून्य किंवा एक अशा सहा खुणा. हिशेब सोपा आहे. एका चित्राच्या २,४०,००० खुणा झाल्या. यान मात्र सेकंदाला सव्वाआठ खुणांहून थोड्याच अधिक पाठवू शकत होते. एक चित्र यावयास आठ तास लागले. यान मंगळाजवळून काही तासांत निघून गेले आणि फितीवर साठविलेली चित्रे मात्र पुढे कित्येक दिवस थेंबाथेंबाने येत राहिली. पहिले चित्र यंत्रावर तयार होईपर्यंत अभियंत्यांना धीर धरवला नाही. त्यांनी आलेल्या अंकांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी चिकटविल्या आणि कोणत्या अंकाला कोणता रंग हे ठरवून रंगीत खडूंनी त्या हाताने रंगविल्या. परग्रहाचे जवळून घेतलेले पहिले चित्र माणसाने पाहिले ते असे, शाळेतल्या मुलांच्या रंगकामासारखे.

त्यानंतर कॅमेरे सुधारले, संदेशाचा वेग वाढला, तत्त्व मात्र तेच राहिले. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झालेला त्याचा रंगीत कॅमेरा वजनाने दीड किलोग्रॅमही नव्हता. त्यात २०४८ ओळी आणि तितकेच स्तंभ, म्हणजे सुमारे ४२ लाख ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला आठ खुणा धरल्या आणि सेकंदाला ४०,००० खुणांचा वेग मिळाला, तर असे एक चित्र यावयास १४ मिनिटे लागतील. आठ तासांवरून १४ मिनिटे, आणि तेही शंभरपट ठिपक्यांच्या रंगीत चित्रासाठी! बंगळुरूजवळ ब्यालालू येथे ३२ मीटर व्यासाची जी तबकडी आहे तिने हे अंक गोळा केले. मंगळयानाशी असलेला संपर्क २०२२ मध्ये तुटला तो कायमचाच.

चुकीचा ताळा

इतक्या क्षीण संदेशात वाटेत चुका होणारच. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो. पृथ्वीवरून विचारावे की, ‘बाबा रे, तो अंक पुन्हा सांग’, तर उत्तर येण्यास मंगळाच्या बाबतीत वीस, पंचवीस, कधी चाळीस मिनिटे जातात. तोपर्यंत यान पुढे निघून गेलेले असते. म्हणून संदेशातच चूक शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय करून ठेवावी लागते.

ज्यांनी पंचायतीचे किंवा महसुलाचे हिशेब ठेवले आहेत त्यांना ही सोय मुळीच अपरिचित नाही. अंकांच्या तक्त्यात प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज उजवीकडे आणि प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज खाली लिहिलेली असते. नक्कल करताना एकच आकडा चुकला तर एक आडवी बेरीज जमत नाही आणि एक उभी बेरीज जमत नाही. त्या दोन जेथे एकमेकींना छेदतात तोच आकडा चुकलेला. बेरजेत फरक किती पडला त्यावरून मूळ आकडाही सांगता येतो. मूळ कागद पुन्हा मागविण्याची गरज पडत नाही. यानांच्या संदेशात वापरले जाणारे गणित याहून पुष्कळ बिकट असले तरी त्याची जातकुळी हीच. मूळ अंकांबरोबर काही जादा अंक पाठवावयाचे आणि त्यांच्या आधाराने चूक पकडावयाची. जुन्या कारकुनाने पंचवीस रकान्यांचा ताळा जमविताना जे केले तेच गुरूपलीकडून येणारे चित्र निर्दोष करताना केले जाते, हे लक्षात आले म्हणजे या शास्त्राचे उगाच वाटणारे भय निघून जाते.

आता पुन्हा १९ ऑक्टोबरच्या रात्रीकडे वळावयास हरकत नाही. उतरणाऱ्या यानाचे मोजमाप मंगळाभोवती फिरणाऱ्या जोडीदार यानानेही नोंदवून घेतले होते. त्यावरून पुढे कारण उलगडले. हवाई छत्री उघडल्यावर यान जोराने हेलकावले. त्याचे फिरणे मोजणारे उपकरण अपेक्षेपेक्षा अधिक काळ, सुमारे एक सेकंद, आपल्या मापाच्या कमाल टोकालाच अडकून राहिले. या एका सेकंदाच्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने असा निष्कर्ष काढला की यान जमिनीच्या खाली पोहोचले आहे. यान त्या वेळी प्रत्यक्षात साडेतीन किलोमीटरहून अधिक उंचीवर होते. संगणकाने छत्री सोडून दिली, वेग कमी करणारी इंजिने अर्ध्या मिनिटाऐवजी तीनच सेकंद चालविली आणि यान दगडासारखे खाली आले. दुसऱ्याच दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने त्या जागेचे छायाचित्र घेतले. त्यात छत्रीचा पांढुरका ठिपका आणि आदळल्याचा काळा डाग एवढेच दिसते.

त्या १५ छायाचित्रांचे काय झाले? कॅमेऱ्याने ती घेतलीही असतील. पण ती टेकल्यानंतर पाठवावयाची होती, आणि सुखरूप टेकणे तर झालेच नाही.

येथे आपल्याकडच्या एका जुन्या प्रसंगाची आठवण होते. चांद्रयान १ मधून १४ नोव्हेंबर २००८ रोजी एक लहान पेटी चंद्रावर आदळण्यासाठीच सोडण्यात आली. तिच्यातही कॅमेरा होता. ती वाचणार नाही हे आधीच ठाऊक असल्याने तिची चित्रे खाली पडता पडताच वरच्या मातृयानाकडे जात राहिली आणि मातृयानाने ती जपून ठेवली. सुमारे २५ मिनिटांत पेटी नष्ट झाली आणि चित्रे मात्र सुरक्षित राहिली. ज्याला मृत्यू ठाऊक होता त्याने आपली पुंजी आधीच सुखरूप पोचविली, आणि ज्याला जगण्याची आशा होती त्याची पुंजी त्याच्याबरोबर गेली. यात स्कियापारेलीच्या अभियंत्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. उतरत्या यानाकडील मोजक्या खुणांतून आधी काय पाठवावे, यानाची प्रकृती की चित्रे, हा निर्णय त्यांना घ्यावाच लागला आणि त्यांनी प्रकृती निवडली. तिच्यामुळेच अपघाताचे कारण सापडले.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान ३ चा विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा प्रज्ञान ही लहान गाडी पृथ्वीशी थेट बोलत नव्हती. तिची चित्रे विक्रमकडे जात आणि विक्रम ती पुढे धाडी. डोंगरातल्या वाडीचे पत्र आधी मोठ्या गावच्या टपाल कचेरीत यावे आणि तेथून शहरात जावे, तसाच हा मार्ग आहे.

शांततेची किंमत

या हकीकतीत अहिल्यानगर जिल्ह्याचा संबंध केवळ शेजारपणाचा नाही. वॉटच्या अब्जांशाचाही अब्जांश ऐकू येण्यासाठी भोवताली शांतता लागते. कानाला जाणवणारा आवाज येथे अभिप्रेत नाही. विजेच्या ठिणग्या, सांधणीची यंत्रे, सैल झालेल्या तारा, मोबाईलचे मनोरे, खराब झालेले रोहित्र, या सर्वांतून रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि दुर्बिणीच्या दृष्टीने तो गलकाच असतो. चालू असलेला मोबाईल फोन चंद्रावर ठेवला तरी अशा दुर्बिणीला तो आकाशातील ठळक वस्तूंपैकी एक वाटेल. मग शेजारच्या शिवारात काय होईल याची कल्पना करावी. खोडदची जागा निवडली गेली ती या भागात असा गलका कमी होता आणि डोंगर आडोसा देत होते म्हणून. दुर्बिणीच्या भोवतालच्या पट्ट्यात उद्योग उभारण्यावर राज्य शासनाने निर्बंध घातले ते त्यासाठीच. हा भोवताल जुन्नरपुरता मर्यादित नाही. पारनेरची पश्चिम बाजू आणि संगमनेरचा दक्षिण भाग खोडदपासून फार दूर नाहीत.

पुणे-नाशिक द्रुतगती लोहमार्गाची जुनी आखणी नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर अशी होती. दुर्बिणीमुळे ती शक्य नाही असे सांगून रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली शिर्डी-अहिल्यानगरमार्गे जाणारा पर्याय पुढे आणला. धावत्या विजेच्या गाडीची वरच्या तारेशी घासणारी चौकट ठिणग्या उडविते, आणि त्या ठिणग्यांचा गलका दुर्बिणीच्या कामाच्याच पट्ट्यात पसरतो, हे त्यामागचे शास्त्रीय कारण. जिल्ह्याच्या एका बाजूला त्यामुळे समाधान वाटले, तर संगमनेर आणि अकोल्याकडे नाराजी उमटली. लोहमार्गाची वाट पाहण्यात तेथील एक पिढी गेली आहे. त्यांची तक्रार अडाणीपणाची आहे असे म्हणून झटकून टाकणे न्यायाचे नाही. विज्ञानाचा लाभ साऱ्या जगाला आणि त्याची झळ एका तालुक्याला, असे त्यांना वाटले तर त्यात वावगे ते काय? दुसऱ्या बाजूने, या पट्ट्यातील शांतता एकदा गेली की ती परत मिळविता येत नाही, आणि या पल्ल्याच्या लहरी टिपणाऱ्या इतक्या मोठ्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत, हेही तितकेच खरे. गाडी कोठून न्यावी हे ठरविणारे निराळे आहेत. पण ज्या गावांनी इतकी वर्षे निर्बंध पाळले त्यांना ते कशासाठी पाळावयाचे हे कोणी नीट समजावून सांगितले का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर देता येणारी माणसे गावोगावच्या शाळांतच आहेत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडद येथे प्रदर्शन भरते आणि दुर्बीण लोकांना जवळून पाहता येते. तेथे मुले नेण्यापूर्वी शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. दोन शाळा निवडाव्यात. एक पारनेरची, एक अकोल्याची असली तरी चालेल. एका शाळेने आलेखाच्या कागदावर २० ओळी आणि २० स्तंभ आखून एखादे साधे चित्र काढावे, प्रत्येक चौकोनाला शून्यापासून नऊपर्यंत उजळपणाचा अंक द्यावा आणि ओळींच्या व स्तंभांच्या बेरजा लिहाव्यात. मग एका विद्यार्थ्याने ते अंक दूरध्वनीवरून वाचून दाखवावेत. सेकंदाला एक अंक या वेगाने सात मिनिटांत ४०० अंक होतील. मरिनर ४ चा वेग याहून फारसा अधिक नव्हता. वाचताना दोन-तीन ठिकाणी मुद्दाम चूक करावी आणि शेवटी बेरजा सांगाव्यात. पलीकडच्या मुलांनी ताळा करून त्या चुका शोधाव्यात आणि मगच खडू हातात घ्यावा. चित्र कशाचे आहे हे त्यांना आधी सांगू नये.